राष्ट्रपती उपनगरातून जातात तेव्हा

राष्ट्रपती मुंबईत येतात असं आपण म्हणतो, पण सरकारी नकाशावर त्यांचं पहिलं पाऊल मुंबई शहर जिल्ह्यात पडत नाही. विमानतळ सांताक्रूझ-अंधेरीच्या पट्ट्यात आहे आणि तो पट्टा मुंबई उपनगर जिल्ह्याचा. १ ऑक्टोबर १९९० रोजी हा जिल्हा शहरापासून वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके, आणि कलेक्टर कचेरी वांद्रे पूर्वेला, शासकीय वसाहतीत, चेतना कॉलेजच्या शेजारी. मी त्याच कचेरीत कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले आणि मधली बरीच वर्षं राजशिष्टाचाराचं टेबल सांभाळलं. दाखले, अतिक्रमणं, मतदारयाद्या, जमिनीचे खटले हे आमच्या खात्याचं बारमाही काम. राजशिष्टाचार मध्येच उगवतो आणि बाकी सगळ्या फायली बाजूला सारायला लावतो.

पंतप्रधान आले की काहीतरी राजकारण, काहीतरी घोषणा पाठोपाठ येते, त्यामुळे लोक फार विचारत नाहीत. राष्ट्रपतींच्या दौऱ्याबद्दल मात्र आमच्या वसाहतीतले शेजारीसुद्धा विचारायचे, ‘कशासाठी येतात हो? एवढा खर्च, एवढा बंदोबस्त, आणि येऊन करतात काय?’ दीक्षान्त समारंभ, एखाद्या संस्थेची शताब्दी, नौदलाच्या तुकडीला निशाण प्रदान, एखाद्या वास्तूचं उद्घाटन. घटनेनं त्यांना दिलेलं बरंचसं काम सहीचं आणि समारंभाचं आहे, हे खरंच. पण समारंभ म्हणजे पोकळ, असं मला कधी वाटलं नाही. तो कोणासाठी थांबतो, यावर त्याची किंमत ठरते, असं मला इतक्या वर्षांच्या कामातून वाटत आलं आहे. आमच्या जिल्ह्यात तर हा प्रश्न रोजचा, कारण राष्ट्रपती आमच्याकडे बहुतेक वेळा थांबतच नाहीत. विमानातून उतरतात, गाडीत किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसतात आणि मलबार हिलला राज्यपालांच्या निवासाकडे किंवा कुलाब्याकडे निघून जातात.

दौऱ्याची कुणकुण आधी फोनवर लागते. मग राष्ट्रपती भवनाकडून आलेला कार्यक्रम मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेमार्फत आमच्याकडे येतो. त्याला सगळे ‘मिनिट टू मिनिट’ म्हणतात, आणि तो तसाच असतो. आगमन, पुष्पगुच्छ, परिचय, प्रस्थान, प्रत्येकासमोर वेळ. त्यातली आमच्या वाट्याची मिनिटं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी, पण त्यासाठी किती खाती एकत्र येतात! बांधकाम विभाग, वाहतूक पोलीस, हवाई दल, विमानतळाचे लोक, महापालिकेचे एच-पूर्व आणि एच-पश्चिम विभाग, अग्निशमन दल, आरोग्य विभाग. जेवणखाण असेल तिथे अन्न व औषध प्रशासन, ज्यांचं मुख्यालयही वांद्र्यातच, वांद्रे-कुर्ला संकुलात. राष्ट्रपतींच्या रक्तगटाचं रक्त तयार ठेवायचं, एका रुग्णालयात खोली राखून ठेवायची, शस्त्रक्रियेचं पथक सज्ज ठेवायचं. सुरक्षेची बैठक होते, तिथे ‘ब्लू बुक’, म्हणजे सुरक्षेच्या नियमांचं पुस्तक, हा शब्द उच्चारला की वाद संपतो. आदल्या दिवशी ताफ्याची रंगीत तालीम होते. सगळ्या गाड्या ओळीनं, त्याच वेगानं, त्याच वाटेनं निघतात आणि मुख्य गाडीतली मागची जागा तेवढी रिकामी असते. घड्याळ लावून हा प्रवास मोजला जातो. हेलिकॉप्टरनं जायचं ठरलेलं असलं तरी रस्त्याची तालीम चुकत नाही, कारण पावसाळ्यात मुंबईचं आभाळ कधी भरून येईल याचा नेम नसतो.

सगळ्यात नाजूक काम परिचयाच्या रांगेचं. पूर्वताक्रम म्हणजे कोणाच्या आधी कोण, याची केंद्र सरकारची यादी आहे. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे, आपल्या राज्यात असताना राज्यपाल चौथे, माजी राष्ट्रपती पाचवे. विमानाच्या पायऱ्यांशी राज्यपाल, मुख्यमंत्री किंवा त्यांनी नेमलेले मंत्री, महापौर, मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, पोलीस आयुक्त, सैन्यदलांचे अधिकारी आणि आमचे कलेक्टर साहेब. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि त्यानंतरच्या दौऱ्यांत महापौरांची जागा रांगेतून गेली. कागदावर एक ओळ कमी झाली एवढंच, पण टेबलावर बसून ती यादी टाइप करताना मला ते खटकत असे. शहराच्या वतीनं हात जोडायला लोकांनी निवडून दिलेलं माणूस तिथे हवं.

प्रत्यक्ष धावपट्टीजवळचं दृश्य फोटोत दिसतं त्याहून वेगळं असतं. काँक्रिटवर चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरवलेली असते. लाल गालिच्याच्या कडा चारी बाजूंनी दाबून चिकटवाव्या लागतात, कारण शेजारून एखादं विमान वळलं तरी वाऱ्यानं तो उचलला जातो. पुष्पगुच्छ येतो तो तपासणीतूनच. आत तार नको, टाचणी नको, प्लॅस्टिकचा कागद नको. फुलवाल्याला मी हे आधीच बजावत असे, तरी सुरक्षेचे लोक तो उघडून, देठ मोजून परत बांधत आणि मग आमचे शिपाईमामा पाण्याचा हात फिरवून तो पुन्हा टवटवीत करत. त्या उन्हात, इंजिनांच्या घरघरीत, ते तो गुच्छ अंगाच्या सावलीत धरून उभे राहत. शिडी लागते, दार उघडतं आणि पुढचं सगळं इतक्या भरभर होतं की रांगेतल्या माणसाच्या वाट्याला एक नमस्कार आणि एक नजर येते. मी रांगेत कधीच नव्हते. हातात कागद घेऊन मी पंचवीस-तीस पावलांवर असायची, आणि माझं लक्ष पाहुण्यांपेक्षा त्या चिकटपट्ट्यांवर जास्त.

२००७ साली २५ जुलैला प्रतिभाताई पाटील यांनी शपथ घेतली तेव्हा आमच्या कचेरीत पेढे वाटले होते. पहिल्या महिला राष्ट्रपती आणि पहिल्या मराठी राष्ट्रपतीही. जळगावातून १९६२ साली आमदार झालेली बाई देशाच्या सर्वोच्च पदावर पोचली, याचं अप्रूप महसूल खात्यातल्या बायकांना जरा जास्तच होतं. तोवर राष्ट्रपतींच्या दौऱ्यात संपर्क अधिकारी म्हणून बहुतेक पुरुषांचीच नावं लागत. त्यानंतर आमच्यासारख्यांना पुढे पाठवलं जाऊ लागलं. हे कोणी परिपत्रक काढून केलं नाही, गरजेतून झालं, पण झालं ते टिकलं. रात्री विमान उशिरा आलं तर घरी कसं जायचं, कपडे बदलायला जागा कुठे, असे प्रश्न तेव्हा पहिल्यांदा बैठकीत निघाले.

त्यांच्याच कारकिर्दीत आमच्या जिल्ह्यात राष्ट्रपती थांबल्या. ८ फेब्रुवारी २००९ रोजी गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. आत एकही खांब नसलेला तो दगडी घुमट, ज्याच्याखाली आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात, तो बोरिवली तालुक्यात आहे हे मुंबईतल्या पुष्कळांना आजही ठाऊक नसतं. गोराईला पोचायच्या वाटा दोन. बोरिवलीकडून खाडी ओलांडायची, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा घ्यायचा. अशा ठिकाणी बंदोबस्त लावणं म्हणजे दोन्ही टोकांना कचेरी थाटण्यासारखं. आमच्या महसुली मंडळातले भाऊसाहेब आणि तलाठी तात्या गावात फिरून लोकांना समजावून सांगत होते की काय चालू राहील, काय थांबेल.

त्या धावपळीत खाडीकाठी एक मासळीवाली मावशी भेटली. पाटी जमिनीवर ठेवून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. ‘बाय, त्या येतात त्याचा आनंदच हाय. पन माजी सकाळची फेरी गेली तर मावरं कुटं विकू?’ मी तिला नेमकी वेळ सांगू शकत नव्हते, कारण तशी वेळ आधी उघड करायची नसते. पण पहाटेच्या फेऱ्या कोणाच्याही वाटेत येत नाहीत हे मला माहीत होतं, आणि तेवढं मी पोलिसांशी बोलून तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग लवकर जाते, न् परत येऊन बघायला उभी ऱ्हाते.’ तिला दोन्ही हवं होतं, विक्रीही आणि दर्शनही. यात काही अवघड नव्हतं, फक्त कोणीतरी आधी विचारायला हवं होतं. पुढे प्रत्येक दौऱ्याच्या टिपणीत मी ‘स्थानिकांची दैनंदिन ये-जा’ असा वेगळा मुद्दा घालू लागले. वरिष्ठांनी तो कधी खोडला नाही.

विमानतळावरून ताफा निघतो तो पश्चिम द्रुतगती महामार्गानं. वाकोला, खेरवाडी, कलानगर आणि तिथून वांद्रे रेक्लमेशनवरून सागरी सेतूकडे. २००९ च्या आधी हीच वाट माहीमच्या कॉजवेवरून जायची. कलानगर जंक्शन म्हणजे आमच्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कुर्ला संकुलाची वाहतूक, धारावीकडचा रस्ता, महामार्ग, सगळं तिथे एकमेकांना भिडतं. संध्याकाळी सात वाजता तिथे दहा मिनिटं वाहतूक धरून ठेवली की मागे किती लांबवर हाल होतात, ते त्या रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं. मी ताफ्याच्या बाजूनं काम केलं आणि त्याच वसाहतीत राहून रांगेतही उभी राहिले, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं.

या वाटेवर रुग्णालयंही आहेत. खेरवाडीत गुरुनानक, संकुलात एशियन हार्ट, सेतूच्या तोंडाशी लीलावती, पश्चिमेला महापालिकेचं भाभा. म्हणून कलानगरचा विचार करताना मला नेहमी दोन घटना आठवतात, दोन्ही आपल्या राज्याबाहेरच्या. जून २०१७ मध्ये प्रणव मुखर्जी बंगळुरूत असताना ट्रिनिटी सर्कलवरच्या एका वाहतूक उपनिरीक्षकानं राष्ट्रपतींचा ताफा येत असतानाही रुग्णवाहिकेला आधी वाट दिली. त्याचं जाहीर कौतुक झालं, बक्षीस मिळालं. आणि २५ जून २०२१ ची कानपूरची घटना. रामनाथ कोविंद आपल्या गावी जाण्यासाठी रेल्वेनं आले होते. त्यांच्यासाठी अडवलेल्या वाहतुकीत एका आजारी महिलेची गाडी अडकली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत ती दगावली. पोलिसांनी माफी मागितली, राष्ट्रपतींनी दुःख व्यक्त केलं. बंदोबस्ताचे नियम दोन्ही शहरांत तेच होते. बंगळुरूत चौकात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणासाठी उभे आहोत ते नीट कळलं होतं, आणि त्याच्या वरच्यांनी नंतर त्याची पाठ राखली. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कनिष्ठ माणूस जागेवर शहाणपणानं वागतो, पण त्याबद्दल उद्या आपल्यालाच नोटीस येईल अशी भीती असेल तर तो हात वर करून उभाच राहील. कानपूरनंतर आमच्याकडच्या तालमीत मी रुग्णवाहिकेचा प्रश्न उभ्याउभ्या न विचारता लेखी मांडत गेले. कोणत्या वळणावर, कोणाच्या शब्दावर, कोणत्या बाजूनं सोडायची. वाहतुकीच्या लोकांनी त्याला मनापासून साथ दिली. त्यांनाही तेच हवं होतं.

राष्ट्रपतींचा एक मुंबई दौरा असा होता की ज्यात गालिचाही नव्हता आणि फलकही नव्हता. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. वांद्रे ते खार, खार ते सांताक्रूझ, जोगेश्वरी, बोरिवली ही सगळी आमच्याच जिल्ह्यातली नावं. त्या आठवड्यात आमची कचेरी रात्रंदिवस याद्या करत होती. रुग्णालयागणिक जखमी, मृत, ओळख पटलेले, न पटलेले. वसाहतीत जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्याच वेळेच्या गाडीनं घरी येणारं. आठवडा उलटल्यावर, १८ जुलैला, संध्याकाळी सहा पंचविसाला मुंबईनं दोन मिनिटं शांतता पाळली. राष्ट्रपती अब्दुल कलाम आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी माहीम स्टेशनवर पुष्पचक्र वाहिलं.

माहीम खाडीच्या पलीकडे, म्हणजे शहर जिल्ह्यात. त्यामुळे तिथली व्यवस्था आमच्याकडे नव्हती. मी त्या वेळी वांद्रे स्टेशनच्या पुलावर होते, कचेरीतल्या आणखी काही जणींबरोबर. कलामसाहेब तिथून एका स्टेशनावर उभे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. विद्यापीठं, प्रयोगशाळा, मुलांशी गप्पा यांसाठी ते कितीदा तरी महाराष्ट्रात आले, लोक त्यांच्यावर जीव टाकत. पण त्या दिवशी ते भाषणासाठी आले नव्हते, उद्घाटनाला आले नव्हते. रोज धक्के खात घरी जाणाऱ्या माणसांच्या फलाटावर देशाचा पहिला नागरिक येऊन उभा राहिला होता. माझ्या शेजारी उभी असलेली बाई रडत होती. तिचं कोणी त्यात गेलं होतं का, हे मी विचारलं नाही. दोन मिनिटांनी ती पदर सावरून विरार लोकलच्या दिशेनं निघाली. वसाहतीतल्या शेजाऱ्यांनी ‘येऊन करतात काय’ असं पुन्हा विचारलं की मी माहीमचं नाव घेत असे, आणि मग बोलणं वेगळ्या वळणावर जाई.

राष्ट्रपती स्वतः येत नाहीत पण त्यांची सही येते, असेही प्रसंग आमच्या जिल्ह्यानं पाहिले. पद्म सन्मानाच्या सनदेवर राष्ट्रपतींची सही आणि मोहोर असते. एरवी ती घ्यायला माणूस दिल्लीला जातो. पण वांद्रे-जुहूचा हा टापू चित्रपटातल्या जुन्या माणसांचा, आणि वय झालेल्या माणसाला दिल्लीचा प्रवास झेपत नाही. पद्म सन्मान नव्हे, पण प्राण यांचा दादासाहेब फाळके पुरस्कारही असाच १० मे २०१३ ला केंद्रीय मंत्री मनीष तिवारी त्यांच्या घरी घेऊन आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते गेले. शशी कपूर यांना तोच पुरस्कार १० मे २०१५ ला जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये, त्यांच्या स्वतःच्या रंगमंचाच्या जागी, अरुण जेटली यांनी दिला. आणि १३ डिसेंबर २०१५ ला गृहमंत्री राजनाथ सिंह दिलीपकुमारांच्या पाली हिलच्या घरी पद्मविभूषण घेऊन आले, सोबत राज्यपाल विद्यासागर राव आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. ९३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.

अशा वेळी राजशिष्टाचाराची दिशाच उलटी होते. एरवी सगळं जिल्हाभरातून मान्यवराकडे सरकत असतं, इथे मान्यवर जिना चढून माणसाकडे जातात. पाली हिलच्या त्या अरुंद चढाच्या रस्त्यावर मोठ्या गाड्या वळवायला जागा नसते, कडेला जुनी झाडं, बंगल्यांची फाटकं एकमेकांना लागून. मी खाली रस्त्यावर होते. आसपासच्या इमारतींतली कामवाली माणसं, वॉचमन, ड्रायव्हर कठड्याशी येऊन शांत उभी होती. त्यांच्यातल्या एका वयस्कर ड्रायव्हरनं विचारलं, ‘ताई, साहेबांना घरी येऊन देणार? बरं झालं.’ त्याच्या आवाजात आपल्याच घरात काहीतरी शुभ होत असल्याचा भाव होता. पुण्यात भीमसेन जोशींना भारतरत्न असंच १० फेब्रुवारी २००९ रोजी त्यांच्या घरी दिलं गेलं होतं. ज्या कोणी अधिकाऱ्यानं अशी टिपणी पहिल्यांदा लिहिली असेल, की मानकऱ्याला येता येत नाही, आपण जाऊ, त्याला मी मनोमन मानते. सरकारी भाषेत असं लिहायला धारिष्ट्य लागतं, कारण पूर्वीचा दाखला विचारला जातो.

कोविंद यांचा डिसेंबर २०२१ चा दौराही माझ्या मनात आहे. कोविडचा धाक अजून गेलेला नव्हता. रांगेतल्या प्रत्येकाची चाचणी, मुखपट्टी, अंतर. ६ डिसेंबरला ते रायगडावर गेले. गडावर हेलिकॉप्टर उतरलं की उडालेली धूळ शिवरायांच्या पुतळ्यावर येते, अशी भावना शिवप्रेमींनी आधी व्यक्त केली होती. राष्ट्रपतींनी हेलिकॉप्टर गडावर नेलं नाही, रोपवेनं वर गेले. ही बातमी आमच्या कचेरीत आली तेव्हा राजशिष्टाचाराच्या टेबलाशी बसलेले आम्ही सगळे क्षणभर काम थांबवून त्याबद्दल बोलत राहिलो. सुरक्षेच्या दृष्टीनं रोपवे म्हणजे किती डोकेदुखी, हे आम्हाला समजत होतं. तरी देशाच्या प्रमुखानं गडाचा मान राखला, याचा आनंद मोठा होता. ८ डिसेंबरला त्यांनी मुंबईत नौदलाच्या २२ व्या क्षेपणास्त्र नौका ताफ्याला राष्ट्रपती निशाण दिलं. त्याच दिवशी तमिळनाडूत जनरल बिपिन रावत यांच्या हेलिकॉप्टरचा अपघात झाला आणि राजभवनातल्या नव्या दरबार हॉलचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं. ते झालं ११ फेब्रुवारी २०२२ ला, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी गेले. आमच्यासाठी तो पुन्हा एक ‘मिनिट टू मिनिट’ होता, पण आंबडव्याचं नाव कार्यक्रमात वाचून आमच्या कचेरीतल्या किती जणांचे चेहरे उजळले ते मी पाहिलं आहे.

मान म्हणजे पदाला दिलेला मान, हे मी नव्या मुलांना सांगत आले. हे पटवायला मला फार लांब जावं लागत नाही. मे २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाल्यावर पहिल्यांदा मुंबईत आले, तेव्हा मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि पोलीस आयुक्त स्वागताला नव्हते. त्यांनी जाहीरपणे ते बोलून दाखवलं, आणि दोनच दिवसांत राज्य सरकारनं सरन्यायाधीशांना कायमस्वरूपी राज्य अतिथी म्हणून वागवण्याचं परिपत्रक काढलं. मी तेव्हा सेवेत नव्हते, पण वाचून जीव खाली-वर झाला. लोकांना वाटतं, एका नमस्कारानं काय बिघडतं? ज्या संस्थेच्या दारात आपण न्याय मागायला जातो, तिचा माणूस राज्यात पाऊल ठेवतो तेव्हा राज्यानं उभं राहावं, हे मला साधं आणि रास्त वाटतं. तितकंच रास्त हेही, की त्या उभं राहण्याचा भार रस्त्यावरच्या माणसावर पडू नये.

द्रौपदी मुर्मू जुलै २०२३ मध्ये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ करून मुंबईत आल्या, तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. भर पावसाळा. गालिचा भिजू नये म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत गुंडाळून ठेवलेला, छत्र्या कोणी कुठे धरायच्या याची वेगळी यादी. ओडिशातल्या संथाल वस्तीतून आलेली शिक्षिका, नगरसेविका, मंत्री, राज्यपाल आणि आता राष्ट्रपती, असा त्यांचा प्रवास आमच्या कचेरीतल्या सफाईचं काम करणाऱ्या ताईंनाही तोंडपाठ होता. आपल्या जिल्ह्यातही आरेच्या जंगलात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. विमानतळापासून फार तर तासाभराच्या अंतरावर. वारली पाड्यातली कोणी बाई स्वागताला असती तर, असं मी त्या दिवशी सहकाऱ्यांजवळ बोलले. विमानतळावरच्या यादीत ते शक्य नव्हतं, तिथे जागा मोजक्या आणि पदानुसार ठरलेल्या. पण उपनगरात पुढे कधी कार्यक्रम झाला, तर सभागृहातल्या परिचयाच्या यादीत पदाशिवायची दोन-तीन माणसं असायलाच हवीत, हे मी तेव्हाच्या टिपणीत लिहून ठेवलं.

आता ते टेबल एका तरुण अव्वल कारकून मुलीकडे आहे. ती मला मॅडम म्हणते, आणि दौरा लागला की हमखास फोन करते. गालिचा कोणाकडून, हवाई दलाच्या पत्राचा नमुना कुठल्या फायलीत, रात्रीच्या ड्युटीवरच्या बायकांना घरी सोडायची गाडी कोणाच्या नावावर मागायची. मध्यंतरी तिनं वेगळंच विचारलं. उपनगरात एका मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम होता आणि तिला परिचयाच्या यादीत पाड्यावरच्या एका आशाताईचं नाव सुचवायचं होतं. साहेब ऐकतील का, अशी तिला शंका.

मी तिला सांगितलं, तोंडी विचारू नकोस. टिपणी लिही, त्या ताईंनी काय काम केलंय ते चार ओळींत लिही, आणि पोलीस पडताळणीला लागणारी कागदपत्रं आजच मागवून सोबत जोड. यादी मंत्रालयात जायच्या आत साहेबांपुढे ठेव. एकदा ती वरून मंजूर होऊन आली की मग कोणाचंच काही चालत नाही.